तापलेला फोन व तापलेले आम्ही

दुसऱ्याच्या डोळ्यांतलें कुसळ दिसतें, पण आपल्या डोळ्यांतलें मुसळ दिसत नाहीं, ही म्हण आम्हीं आजवर किती वर्गांना समजावून दिली असेल, त्याची मोजदाद नाहीं. रविवारच्या शाळेंत ती शुभवर्तमानाच्या आधारानें सांगितली, आठवड्याच्या शाळेंत वाक्यांत उपयोग करून दाखविली, आणि निबंधाच्या वह्यांत ती योग्य जागीं आढळली, तेव्हां तिच्याखालीं तांबड्या शाईनें 'छान' असा शेराहि दिला. इतकीं वर्षें इतरांना शिकविलेला हा धडा गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत, वरवंड मुक्कामीं, एका लहानशा यंत्रानें आमच्याकडून नव्यानें गिरवून घेतला. तें यंत्र म्हणजे आमचा स्मार्टफोन. तो तापला, त्यानें वीज घेण्याचें नाकारलें, आणि त्याच्या तापण्यापेक्षां आमचें तापणेंच अधिक महागांत पडण्याची वेळ आली. ही हकीकत विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल, पालकांच्या कदाचित् त्याहूनहि अधिक, म्हणून या अंकासाठीं लिहून देत आहों.

पुणें जिल्ह्यांतील दौंड तालुक्यांत, पुणें-सोलापूर हमरस्त्यावर, चौफुला व पाटस यांच्या दरम्यान वरवंड हें गांव आहे. सभोंवार उंसाचे मळे, ठिकठिकाणीं गुऱ्हाळें, आणि इंग्रजी अमदानीपासूनचा व्हिक्टोरिया तलाव. कालव्याच्या पाण्यामुळें हा भाग हिरवा दिसतो खरा. परंतु एप्रिल-मे महिन्यांतील ऊन त्या हिरवेपणास मुळींच जुमानीत नाहीं. आमची थोरली बहीण, आक्का, या गांवीं दिली आहे. दाजींची थोडी बागाईत जमीन आहे, आणि एकुलता एक मुलगा त्या वेळीं नुकताच आठवीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. नववीपासून त्यास आपल्या शाळेंत घालावें व आमच्या घरीं ठेवावें, असें बोलणें वर्षभर चाललें होतें. त्या गोष्टीचा एकदांचा निकाल लावावा, म्हणून आम्ही एका शनिवारीं मोटारसायकलीनें निघालों.

वाट आमच्या पायाखालची. यवत, भांडगांव, चौफुला हीं नांवें आम्हांस पाढ्यासारखीं पाठ. तरीहि मोटारसायकलीच्या दांडीवर फोन अडकवून त्यावर नकाशा लावण्याची हौस आम्हांस आवरली नाहीं. फोनमधील बाई 'सरळ जा' म्हणून सांगत होती व आम्ही सरळ जात होतों. तिनें न सांगितलें असतें, तरी सरळच गेलों असतों. उन्हामुळें पडद्यावरील अक्षरें दिसेनात, म्हणून पडद्याचा उजेड पूर्ण वाढविला. उजेडानें बॅटरी भराभर उतरूं लागली, म्हणून गाडीच्या विजेवर तार जोडून ती भरीत राहिलों. ती तार वारंवार सैल होऊन सुटे, म्हणून ती जोरानें दाबून बसविली. फोन पडून फुटूं नये म्हणून त्यास जाड रबरी कव्हर होतेंच. भर दुपारची वेळ, काळ्या रंगाची वस्तु, अंगांत रबराची बंडी, एकाच वेळीं दोन-तीन कामें, आणि डोक्यावर सूर्य! अशा स्थितींत एखाद्या माणसास तासभर बसविलें असतें, तर सायंकाळीं त्यास दवाखान्यांत न्यावें लागलें असतें. परंतु यंत्र बोलत नाहीं, म्हणून त्यास कांहीं होत नाहीं, अशी आपली समजूत असते.

दोनच्या सुमारास वरवंडास पोहोंचलों. आक्कानें गूळ-पाणी पुढें केलें. भाच्यानें पिशवी उतरवून घेतली. आपल्या शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनाचीं छायाचित्रें त्यास दाखवावीं म्हणून आम्हीं फोन त्याच्या हातीं दिला, आणि जेवून आडवे झालों. उठून पाहतों, तों फोन माठाजवळच्या शहाबादी फरशीवर उपडा ठेवलेला, आणि त्याचें कव्हर काढून बाजूला टाकलेलें! बॅटरी शेंकडा ७ उरली होती. पोरानें कांहींतरी उचापत केली असावी, हा संशय आमच्या मनांत तेथेंच शिरला. आम्हीं कव्हर पुन्हां चढविलें, फोन गादीवर उशीशीं ठेवला व चार्जरची तार लावली. अर्ध्या तासांत फोन हाताला चटका देऊं लागला, आणि तापमान वाढल्यामुळें चार्जिंग थांबविलें आहे, अशा अर्थाची सूचना पडद्यावर झळकली.

तार काढली, लावली. पुन्हां काढली, पुन्हां लावली. बटन बदललें, खोली बदलली. फोन ढिम्म. दाजी म्हणाले, "मास्तर, इकडं शेतांतल्या मोटारी सुरू झाल्या कीं व्होल्टेज पडतं." हें निदान आम्हांस एकदम पटलें, कारण त्यांत आमचा कांहींच दोष नव्हता. इतक्यांत भाचा चार्जर डोळ्यांजवळ नेऊन म्हणाला, "मामा, ह्यावर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय. थोडं व्होल्टेज पडलं तरी हा चालतो." लहान तोंडीं मोठा घास आम्हांस रुचला नाहीं. त्यास गप्प बसवून आम्हीं आमचा उपाय काढला: फोन उचलला आणि आक्काच्या फ्रीजमध्यें ठेवला.

"मामा, नका ठेवूं. बाहेर काढल्यावर दंव धरेल," असें तो हलक्या आवाजांत म्हणाला. गार पाण्यानें भरलेल्या तांब्याला बाहेरून पाणी कां सुटतें, हें आम्हीं स्वतः वर्गांत अनेकदां समजावून दिलेलें आहे. परंतु वर्गांतलें ज्ञान रागाच्या वेळीं स्वयंपाकघरापर्यंत पोहोंचत नाहीं. दहा मिनिटांनीं फोन बाहेर काढला. त्यास घाम फुटला. तार लावली, तों आतां निराळीच सूचना आली: तार लावण्याच्या जागीं ओलावा आहे, तो वाळेपर्यंत चार्जिंग होणार नाहीं. आणि थोड्याच वेळांत फोन विझला.

तेव्हां आमचा तोल गेला.

"दुपारीं फोन कुणाच्या हातांत होता?" आम्हीं विचारलें.

"माझ्या. पण मी..."

"खेळ खेळत बसला असशील. कव्हर कशाला काढलंस?"

"लय तापला होता, मामा. गार व्हावा म्हणून काढलं. खेळ नाहीं खेळलों."

"खोटं बोलूं नकोस," असें म्हणून आम्ही थांबलों असतों, तरी बरें झालें असतें. परंतु आम्ही दाजींकडे वळलों आणि म्हणालों, "दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा, वर खोटंहि बोलायचं! असा मुलगा आम्हीं आमच्या घरीं कसा ठेवून घ्यावा?"

आक्काचा भाकरी थापणारा हात थांबला. मुलगा भरल्या ताटावरून उठला आणि बाहेर ओट्यावर जाऊन अंधारांत बसला. दाजी कांहीं वेळ बोलले नाहींत. मग ते म्हणाले, "मास्तर, फोनची काय किंमत असेल ती सांगा. उंसाचं बिल आलं कीं भरून देऊं."

हें वाक्य आमच्या कानांतून रात्रभर गेलें नाहीं. नित्याचें शास्त्रवाचन आम्ही अलीकडे फोनवरच करीत असूं. फोन बंद, म्हणून त्या रात्रीं आक्काकडील जुनें छापील पुस्तक मागून घेतलें. आपल्या भावाच्या मनांत आपणांविरुद्ध कांहीं असेल, तर दान वेदीपाशीं तसेंच ठेवून आधीं त्याच्याशीं समेट करावा, अशी जी आज्ञा डोंगरावरील प्रवचनांत आहे, ती आम्हांस तोंडपाठ आहे. दुसरा दिवस रविवारचा. सकाळीं केडगांवास मुक्तिमिशनच्या मंदिरांत उपासनेला जाण्याचें ठरलेलें होतें. तेथें कोणत्या तोंडानें जावें, याचा विचार करतां करतां पहांट झाली.

उजाडतांच भाचा समोर येऊन उभा राहिला. त्याच्या हातांत दाजींचा फोन, एक दुसरी तार, विजेरी आणि लांकडी दांतकोरणी होती. "मामा, मी एकदां बघूं का? तुम्ही समोर बसा," असें तो म्हणाला. 'तुम्ही समोर बसा' हे शब्द आम्हांस फार लागले. चौदा वर्षांच्या मुलानें स्वतःच्या प्रामाणिकपणासाठीं आपल्या मामाला साक्षीदार म्हणून बसवावें, याहून मामाची अधिक शोभा ती काय व्हावयाची?

त्यानें जें केलें, तें क्रमवार सांगण्यासारखें आहे. प्रथम आमचा चार्जर व आमची तार दाजींच्या फोनला लावून पाहिली. त्यांचा फोन तत्काळ भरूं लागला. म्हणजे भिंतींतली वीज, चार्जर व तार हीं तिन्ही निर्दोष ठरलीं. मग दुसरी तार आमच्या फोनला लावली. ती अर्धवटच आंत गेली व डुगडुगूं लागली. म्हणजे दोष आमच्या फोनच्या तोंडाशीं. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, आणि तिच्यापासून जें कळेल तें मनांत पक्कें करून मगच दुसरीस हात घालावयाचा, ही त्याची रीति होती. आदल्या सायंकाळीं आम्हीं चार गोष्टी एकदम बदलल्या होत्या, व कळलें मात्र कांहींच नव्हतें.

नंतर त्यानें विजेरीच्या उजेडांत आंत पाहिलें, आणि दांतकोरणीनें हळूच कोरून कांहींतरी बाहेर काढलें. ज्वारीच्या दाण्याएवढा, घट्ट दाबला गेलेला पांढरा गोळा. त्यानें तो आमच्या तळहातावर ठेवला. रुमालाचे व सदऱ्याचे तंतु होते, आणि त्यांस धरून ठेवणारी पांढरी भुकटी होती.

"मामा, हा खडू आहे," तो म्हणाला. यापुढें तो एक अक्षरहि बोलला नाहीं.

वर्ग सुटला कीं खडूचा उरलेला तुकडा सदऱ्याच्या खिशांत टाकावयाचा, आणि त्याच खिशांत फोन ठेवावयाचा, ही आमची अनेक वर्षांची संवय. त्या घरांत खडू बाळगणारे आम्हीच एकटे होतों. चोराच्या पावलाचा ठसा मिळावा, तसा तो गोळा आमच्या हातावर पडलेला होता. वाटेंत तार सुटत होती ती यामुळेंच. आणि ती जोरानें दाबून आम्हीं तो गोळा आणखी घट्ट बसविला होता. आतां तार लावतांच ती 'टक्' करून जागीं बसली आणि फोन भरूं लागला. तो चालूं होतांच, बॅटरी कोणत्या कामांत किती खर्च झाली, याची यादी आम्हींच उघडून पाहिली. नकाशाचें नांव सर्वांत वर होतें. खेळाचें नांव कोठेंच नव्हतें. छायाचित्रांच्या नांवापुढें थोडींशीं मिनिटें मांडलेलीं होतीं. त्या मुलानें आपल्या भावी शाळेचीं चित्रें पाहिलीं, फोन तापलेला आहे हें ओळखलें, त्याचें कव्हर काढलें, व त्यास गार फरशीवर ठेवलें. ज्या कृत्याबद्दल आम्हीं त्यास दोषी ठरविलें, तेंच त्या दिवशीं घडलेलें एकमेव शहाणपणाचें कृत्य होतें.

आतां या प्रकारामागील कारण विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावें. स्मार्टफोनमधील बॅटरी लिथियम-आयन जातीची असते. ती १९९१ सालीं सोनी कंपनीनें प्रथम बाजारांत आणली. आणि तिच्या शोधाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो या तिघां शास्त्रज्ञांस २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. बॅटरी भरतांना लिथियमचे विद्युद्भारित कण एका बाजूकडून निघून दुसऱ्या बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. फोन वापरतांना ते परत फिरतात. ही ये-जा सुखरूप चालण्यास बेताची उष्णता लागते. सामान्यतः ० ते ४५ अंश सेल्सिअस यांच्या दरम्यान असतांनाच ही बॅटरी भरावी, असा नियम आहे. त्याहून अधिक तापली असतां आंतील द्रव्यें बिघडूं लागतात, वायु तयार होतो व बॅटरी फुगते. म्हणून फोनमध्यें तापमान जोखणारा एक बारीकसा भाग बसविलेला असतो. मर्यादा ओलांडली कीं तो विजेचा मार्ग बंद करवितो. सारांश, तापलेल्या फोननें वीज नाकारली, हा त्याचा बिघाड नव्हे. तें त्याचें आत्मरक्षण होय. दोष असलेल्या बॅटरीचें काय होतें, हें जगानें २०१६ सालीं पाहिलें आहे. त्या वर्षीं सॅमसंग कंपनीला आपला गॅलॅक्सी नोट ७ हा फोन, बॅटऱ्या पेट घेऊं लागल्यामुळें, जगभरांतून परत घ्यावा लागला.

आमच्या फोननें तीन वेळां नकार दिला, आणि तिन्ही वेळां कारण निराळें होतें. पहिल्यानें उष्णता, दुसऱ्यानें ओलावा, तिसऱ्यानें कचरा. लक्षण एक, कारणें तीन. ढिल्या जोडणीनें उष्णतेंत आणखी भर घातली असली पाहिजे. कारण जेथें धातूला धातु पुरता भिडत नाहीं, तेथें विजेला अडथळा होतो व ती जागा तापते. ज्या घरांत सैल पिन काळी पडलेली पाहिली असेल, त्यांस हें वेगळें सांगावयास नको. आणि या तिन्ही कारणांचे कर्ते आम्हीच होतों: उन्हांत आम्हीं धरला, फ्रीजमध्यें आम्हीं कोंडला, खडूनें आम्हीं भरला.

चहाच्या वेळीं सर्वजण एकत्र बसले, तेव्हां आम्हीं तो पांढरा गोळा मध्यें ठेवला. आरोप ज्यांच्यासमोर केला, माफीहि त्यांच्यासमोरच मागितली पाहिजे; कोपऱ्यांत नेऊन पाठीवर हात फिरविणें ही माफी नव्हे. आम्ही म्हणालों, "दाजी, काल आम्हीं जें बोललों, तें सर्वस्वीं खोटं होतं. हा मुलगा खरं बोलत होता. बाळ, आम्हांला क्षमा कर." त्याला काय करावें तें सुचेना. तो आईकडे पाहूं लागला. आक्का पदरानें डोळे पुसून म्हणाली, "अरे, रात्रीं पोरगं उपाशी झोपलं. आधीं त्याला चार घास खाऊं दे." मग आम्ही दोघे मामा-भाचे एका ताटांत जेवलों.

त्यानंतर केडगांवास गेलों. या खेपेस फोन पिशवींत होता. पंडिता रमाबाईंनीं दुष्काळांतून आणलेल्या निराधार मुलींना व स्त्रियांना तेथें आसरा दिला, आणि नुसतीं पुस्तकें त्यांच्या हातीं न देतां विणकाम, छापखाना असे उद्योगहि शिकविले. रमाबाई १९२२ सालीं निवर्तल्या. त्यांनीं केलेलें पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर १९२४ सालीं प्रसिद्ध झालें, तें मुक्तीच्याच छापखान्यांत, तेथील स्त्रियांच्या हातांनीं छापलेलें होतें. त्या मंदिरांत भाच्याशेजारीं बसलों असतां हें सारें मनांत आलें. हाताला जें कळतें, तें आमच्यासारखे पदवीधर कमी लेखतात, याची त्या दिवशीं आम्हांस लाज वाटली.

पालकांस एकच विनंति. मूल सांगितलेलें घेत नाहीं, अभ्यास त्याच्या डोक्यांत शिरत नाहीं, तें उलट उत्तर देतें किंवा मुळींच देत नाहीं, अशा तक्रारी घेऊन आपण शाळेंत येतां. आणि आम्ही शिक्षकहि त्याच तक्रारी आपणांकडे धाडतों. अशा वेळीं मुलाला निकामी ठरविण्यापूर्वीं तें कशानें तापलें आहे, हें पाहावें. त्याला निवूं द्यावें. आणि वाटेंत जो कचरा अडकला आहे, तो आपल्याच खिशांतला तर नव्हे ना, हें विजेरी घेऊन तपासावें. जोरानें दाबल्यानें तो घट्ट होतो, एवढें आम्ही अनुभवानें सांगूं शकतों.

विद्यार्थ्यांनीं इतकें ध्यानांत ठेवावें. फोन उन्हांत ठेवूं नये. गादीवर किंवा उशीखालीं ठेवून तो भरूं नये. तापला तर तार काढावी, कव्हर काढावें, तो बंद करून सावलींत, वारा लागेल अशा जागीं ठेवावा. फ्रीजमध्यें किंवा ओल्या फडक्यांत मात्र कधींहि नको. निवल्यावर तो भरला नाहीं, तर दुसऱ्या फोनवर चार्जर व तार पारखून घ्यावी. मग तोंडाशीं कचरा आहे का, हें पाहावें. तो कोरण्यापूर्वीं फोन बंद करावा, आणि सुई किंवा टांचणी वापरूं नये. बॅटरी फुगून पाठ उचललेली दिसली, तर तो फोन भरूं नये, दाबूं नये, टोंचूं नये. जाणत्या कारागिराकडेच न्यावा.

तो मुलगा आतां आपल्याच शाळेंत नववींत आहे व आमच्याच घरीं राहतो. हा लेख छापावयास देण्यापूर्वीं आम्हीं तो त्यास वाचावयास दिला. कारण त्याच्या संमतीवांचून हें लिहिण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. त्यानें शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाला, "मामा, एक राहिलं. दांतकोरणी हलक्या हातानं, कडेकडेनं फिरवायची. मधल्या पट्टीला लावायची नाहीं. ती मोडली तर फोन खरंच जाईल." ही दुरुस्ती आम्हीं मान्य केली आहे.